आधी खालची शिफ्ट केबल बघा
पैठणला नाथसागरातल्या बोटीचा गिअर न्यूट्रलला येताना अडकतो अन् इंजिन बंद पडतं, म्हणून तुम्ही कंट्रोल बॉक्स (चालकाजवळचा गिअर-थ्रॉटलच्या दांड्याचा डबा) बदलायला निघालात. थांबा. मर्क्रूझर कंपनीचा अल्फा ड्राइव्ह (बोटीच्या मागं बाहेर असलेला, प्रोपेलर फिरवणारा भाग) असेल तर दोष बहुधा खालच्या शिफ्ट केबलचा, म्हणजे इंजिनाकडून ड्राइव्हमध्ये जाऊन गिअर बदलणाऱ्या केबलचा असतो. इंजिन बंद करून शिफ्ट प्लेटवरच्या (इंजिनावरची पट्टी, जिथं कंट्रोल बॉक्सकडून येणारी अन् खालची केबल जोडलेली असते) दोन्ही केबल सोडवा, एकेक हातानं सरकवून बघा. खालची ओढताना कुणीतरी प्रोपेलर फिरवत राहावं, चावी काढूनच. खालची जड लागली तर आवरण तडकून पाणी शिरलेलं असतं, आतली तार गंजते. मग इंटरप्ट स्विच (गिअर सुटावा म्हणून इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडणारा) क्षणभराऐवजी दाबलेलाच राहतो, ठिणगी तुटलेलीच राहते अन् इंजिन बंद पडतं. आयडल (मोकळ्या इंजिनाचा वेग) वाढवून हे झाकू नका, डॉग क्लचचे (ड्राइव्हमधला, दात अडकवून गिअर टाकणारा भाग) दात झिजतात. केबलसाठी ड्राइव्ह उतरवावाच लागतो, तेव्हा बेलोजही (पाणी आत येऊ न देणारी रबरी घडीची आवरणं) नवे घाला.