किलोमीटरपेक्षा चढ बघा
पदभ्रमण महोत्सवातल्या गाईडेड वॉकबद्दल, म्हणजे वाटाड्यासोबत गटानं चालण्याबद्दल, ‘आठ किलोमीटर काय, कुणालाही जमतील’ असं म्हटलं जातं, ते पटत नाही. असा वॉक निवडताना एकूण चढाई किती, हे आधी बघावं. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही कामी येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. म्हणजे ६०० मीटर चढ असेल तर तेच ८ किलोमीटर अडीच तासांच्या वर जातात, आणि त्यात विश्रांती धरलेलीच नाही.

गटात मागे पडणाऱ्यांचे हाल तर वेगळेच. ते धापा टाकत पोचतात तेव्हा पुढचे पाणीबिणी पिऊन, सॅक पाठीवर चढवून निघायच्या तयारीत! नाव नोंदवताना शेवटच्या माणसासोबत कोण चालणार, हे जरूर विचारा.