मदत हवी आहे: सर्बियात युवा शिबिर
नमस्कार मंडळी. मी जर्मनीत एका युवक मंडळाचं काम बघते. इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या अनुदान योजनेतून पुढच्या उन्हाळ्यात सर्बियातल्या व्रन्याच्का बान्या या गरम झऱ्यांच्या गावी तीन देशांच्या मुलामुलींचं शिबिर घ्यायचं घाटतंय. नियमाने १३ ते ३० वय चालतं, आम्ही १६ ते १९ धरलंय. ऑगस्टची सुरुवात टाळतोय; तेव्हा तिथे असणाऱ्या लवफेस्ट या संगीत महोत्सवाच्या गर्दीत खोल्या मिळणं कठीण, आणि मिळाल्या तरी मुलं शिबिरात कशाला थांबतायत!

खरी काळजी कागदपत्रांची. सर्बिया शेंगेनमध्ये (युरोपातल्या एकमेकांच्या सीमेवर तपासणी नसलेल्या देशांच्या गटात) नाही, म्हणजे शेंगेनचा एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेला कुणी परतताना अडकणार. अठराखालच्यांसाठी पालकांचं संमतिपत्र नोटरीकडूनच करावं लागलं का? बेलग्रेडहून सुमारे २०० किलोमीटर आहे, तिथून पूर्ण बस ठरवलेली बरी का? कुणी गट नेला असेल तर प्लीज सांगा.