गाडीच्या ब्रेकची डिस्क निघत नाही? हातोडा ठेवा बाजूला
एकानं लिहिलंय की ब्रेकचे पॅड बदलले, पण डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी) हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, इतकी चिकटली की शेवटी हातोडा घेतला. थांबा राव! बऱ्याच डिस्कच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात, बहुधा ८ एमएमची. त्यात बोल्ट घालून आलटूनपालटून अर्धा-अर्धा फेरा आवळा, डिस्क आपोआप बाहेर सरकते. मागच्या उन्हाळ्यात लातूरला अंगणातल्या लिंबाखाली मी तासभर ठोकत बसलो, तेव्हा कुठं ही भोकं दिसली.

नवी डिस्क चढवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं काढा, नाहीतर पुढं ब्रेकचं पेडल थरथरतं. डिस्कवरचं तेल पुसा. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेनं चाकाजवळच्या स्प्रिंगला बांधा. कॅलिपरमधला पिस्टन मागं दाबताना ब्रेक ऑइलच्या डबीवर नजर ठेवा, ऑइल वर चढतं. सांडलं तर गाडीचा रंग उडतो.

आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. मी विसरलो होतो, पाय थेट तळाला! नशीब, हँडब्रेक होता. पहिले दोनेकशे किलोमीटर सबुरीनं चालवा, लगेच कन्नडचा घाट उतरायला जाऊ नका.