कटिंग मॅटच्या चिरांत बसलेली लव निघत नाही, पट्ट्या कापताना मधले धागे तसेच राहतात

टाचणी

२४ बाय ३६ इंचांची सेल्फ-हीलिंग मॅट आहे, एका बाजूला इंचांच्या आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटरच्या रेघा असलेली. रोटरी कटर (गोल, फिरत्या ब्लेडचा) ४५ मिमीचा. साध्या कॉटनच्या अडीच इंची पट्ट्या कापताना मधेच दोन-चार धागे कापले जात नाहीत. पट्टी उचलली की तिथे कापड ओढलं जातं आणि कड विस्कटते. पुन्हा जोर देऊन कटर फिरवला तर धागे तुटतात, पण तेवढ्यात रुलर सरकतो आणि पट्टीची रुंदी बिघडते.

मॅटच्या मधल्या भागात पांढुरक्या रेघा दिसतात. जवळून पाहिलं तर चिरांमध्ये कापसाची लव गच्च बसली आहे. याच मॅटवर बॅटिंग (गोधडीच्या आत भरायचा कापसाचा थर) आणि फ्लॅनेलही कापलं जातं. ओल्या फडक्याने पुसल्यावर वरची धूळ गेली, लव मात्र जागची हलली नाही.

ती काढायची कशी? व्हिनेगरच्या पाण्यात मॅट भिजवायला सांगतात, त्याचा खरंच उपयोग होतो का? आणि मॅट बाद झाली हे कशावरून ओळखायचं?

चौकडी

धुवायला घेण्याआधी दोष मॅटचा आहे की ब्लेडचा ते ठरवा. धागे दोन्ही कारणांनी राहतात आणि लक्षण अगदी सारखं दिसतं.

एकेरी कॉटनचा साधारण ६० सेंमी लांब तुकडा मॅटवर पसरा आणि न थांबता एका दमात सरळ कापा. धागे कुठे कुठे राहिले ते बघा आणि दोन जागांमधलं अंतर मोजा. ४५ मिमीच्या ब्लेडचा परीघ १४१ मिमी, म्हणजे १४ सेंमीच्या जरा वर. त्यामुळे दर १४ सेंमीवर धागे राहत असतील तर ब्लेडच्या धारेला खाच पडली आहे. प्रत्येक फेऱ्याला ती खाच एकदा कापडावर येते. (२८ मिमीच्या ब्लेडला हे अंतर सुमारे ९ सेंमी येतं, ६० मिमीच्या ब्लेडला १९ सेंमी.) टाचणीवरून ब्लेड गेलं, रुलरच्या कडेवर आपटलं किंवा कटर उघडा असताना खाली पडला की अशी खाच पडते. मॅट कितीही घासली तरी ती खाच जाणार नाही, ब्लेडच बदलावं लागेल.

आता कापड तसंच ठेवून मॅट हातभर सरकवा आणि पुन्हा कापा. या वेळी धागे मॅटवरच्या त्याच ठिकाणी राहिले, तर दोष मॅटचा.

अंतर सारखं नाही आणि मॅटवरची जागाही ठरावीक नाही, असं झालं तर ब्लेड सगळीकडूनच बोथट झालेलं असतं, किंवा कटरचा नट इतका आवळलेला असतो की ब्लेड फिरण्याऐवजी घसटत जातं. नट पाव ते अर्धा फेरा सैल करा. बोटाचा स्पर्श धारेला न होऊ देता ब्लेड कापडाच्या चिंधीवर फिरवून बघा, ते अडखळता कामा नये.

काठपदर

मॅटचाच दोष निघाला तर पुढचं वाचा.

आधी लव आत जाते कशी, ते सांगते, कारण साफ करण्याची पद्धत त्यावरच ठरते. या मॅटचा वरचा थर मऊ पीव्हीसीचा असतो. ब्लेड त्यातला माल कोरून काढत नाही, तो दोन्हीकडे सारतं. ब्लेड पुढे गेलं की प्लास्टिक आपल्या लवचीकपणाने परत जागेवर येतं आणि चीर मिटते. सेल्फ-हीलिंग म्हणतात ते एवढंच. पण ब्लेडने न तुटलेला तंतू चिरेत दाबला गेला की तो पाचरीसारखा अडकून बसतो. चीर अर्धवट उघडी राहते आणि पुढच्या वेळी तिथेच आणखी तंतू शिरतात. बॅटिंग, फ्लीस आणि फ्लॅनेल यांचे तंतू मोकळे असल्याने ते सर्वांत जास्त त्रास देतात. शेवटी चिरेची नाली होते. तिच्यावर कापड पसरलं की खालून आधार राहत नाही, मग ब्लेड धागे कापण्याऐवजी त्यांना नालीत ढकलतं. तुमचे राहिलेले धागे हे असे.

म्हणून लव आधी कोरडी काढायची, पाणी शेवटी. ओली झाली की ती चिकटते आणि ओल्या फडक्याने ती आणखी खाली चेपली जाते.

पहिल्यांदा लिंट रोलर सगळ्या मॅटवर फिरवा, म्हणजे सुटी लव जाईल. मग पेन्सिलीचा पांढरा, मऊ खोडरबर घ्या आणि चिरेला आडवा घासा. चिरेच्या दिशेने घासलं तर लव आतच लांबते. आडवं घासलं की रबर तिचं टोक पकडून वर ओढतो आणि खोडरबराच्या कणांबरोबर तिच्या गुठळ्या होऊन बाहेर येतात. कडक, रंगीत खोडरबर नको, त्याचा डाग राहतो. खोडरबर जवळ नसेल तर बॅटिंगचाच जाड तुकडा गोल गोल घासा, लवेला लव धरते. एवढ्यानेही न निघणारे लांब धागे चिमट्याने उपटा. सुई किंवा कटरचं टोक चिरेत घालून उकरू नका, त्याने चिरेची भिंत फाटते आणि ती पुन्हा कधीच नीट मिटत नाही.

काम झाल्यावर तो खोडरबर मॅटवर ठेवून जाऊ नका. प्लास्टिकचे खोडरबर पीव्हीसीला चिकटून बसतात आणि उचलताना छापील रेघ बरोबर घेऊन येतात.

आता पाणी. मॅट सपाट मावेल असा टब हवा. दर चार लिटर साध्या पाण्याला पाव कप, म्हणजे सुमारे ६० मिली, पांढरं व्हिनेगर घाला आणि मॅट पंधरा ते वीस मिनिटं बुडवून ठेवा. मग भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाकून मऊ ब्रशने चोळा, नखं घासायचा ब्रश किंवा जुना दात घासायचा ब्रश चालतो. घासताना ब्रश चिरेला आडवा आणि उभा, दोन्हीकडून फिरवा. शेवटी स्वच्छ पाण्याने धुवा, साबण राहिला तर त्यावर नवी लव चिकटते.

एवढा मोठा टब नसेल तर मॅट जमिनीवर पसरा, त्याच पाण्यात भिजवलेला मोठा टॉवेल तिच्यावर अंथरा आणि वीस मिनिटांनी ब्रश करा. मॅट दुमडून बादलीत कोंबू नका.

वाळवताना कोरडा टॉवेल दाबून पाणी टिपा आणि मॅट सावलीत आडवी ठेवा. वरून कोरडी दिसली तरी चिरांमध्ये पाणी असतं. पाण्याने जाणाऱ्या पेनाने आखलेलं कापड अशा मॅटवर ठेवलं तर खुणा पुसल्या जातात. त्यामुळे रात्रभर थांबणं बरं.

गाठ_निरगाठ

काठपदर यांची पद्धत बरोबर आहे, फक्त व्हिनेगरबद्दल थोडं. व्हिनेगरच्या पाण्याने मॅटला ओलावा मिळतो आणि ती पुन्हा मऊ होते, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं नाही. पीव्हीसी पाणी पीत नाही. तिचा मऊपणा कारखान्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे असतो. उष्णता, ऊन आणि सॉल्व्हंट यांनी तो हळूहळू निघून जातो आणि घरी परत भरता येत नाही. व्हिनेगर साबणाचा आणि जड पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर विरघळवतं, तेवढंच त्याचं काम. पाणी जड नसेल तर नुसत्या साबणानेही लव तितकीच निघते. व्हिनेगर वापरायचं असेल तर त्या पाण्यात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर मॅटच्या जवळही नकोत. ते छापील रेघा तर घालवतातच, शिवाय पृष्ठभाग कडक करतात. स्पिरिटनेही काही मॅटच्या रेघा उडतात. मेलामाइनचा पांढरा स्पंज बारीक पॉलिश पेपरसारखाच घासतो, म्हणून एखाद्या डागापुरता चालेल, पण सगळ्या मॅटवर फिरवू नका.

कापडाचे थर तात्पुरते जोडायच्या चिकट स्प्रेचा थर मॅटवर असेल तर तो आधी काढा, नाहीतर धुतलेली मॅट दोन दिवसांत परत लवेने भरेल. त्यावर खायच्या तेलाचे दोन थेंब चोळा, पाच मिनिटं थांबा, मग साबणाने तेल पूर्ण काढा. तेलाचा अंश राहिला तर कापडाला डाग पडतो, तेव्हा आधी पांढरी चिंधी दाबून खात्री करा.

टाचणी

चौकडी, चाचणी केली. १४ सेंमीचं अंतर येत नाही. मॅट सरकवल्यावर धागे मॅटवरच्या ६ इंचांच्या रेघेजवळच राहिले, म्हणजे दोष मॅटचाच. खोडरबर आडवा घासल्यावर बरीच लव वर आली, आता धुवायला घेते.

आणखी एक विचारायचं राहिलं. मॅट भिंतीला टेकवून उभी ठेवलेली असते आणि तिचा एक कोपरा साधारण एक सेंमी उचलला गेला आहे. तिथे रुलर हलतो. ती सपाट होईल का?

चौकडी

कोपरा कशाने उचलला गेला त्यावर अवलंबून आहे. टेकवून ठेवल्याने स्वतःच्या वजनाने आलेला बाक बहुतेक वेळा जातो. इस्त्री, गरम कप किंवा उन्हात उभ्या गाडीतल्या उष्णतेने आलेला फुगवटा सहसा जात नाही, कारण तिथे थर असमान आकसलेले असतात.

तुमचा पहिला प्रकार आहे. आधी उष्णता न देता प्रयत्न करा. मॅट सपाट, टणक जागेवर ठेवा, बाक आलेली बाजू खाली, म्हणजे उचललेला कोपरा जमिनीकडे वळेल. वर सपाट फळी आणि फळीवर जाड पुस्तकं ठेवा. फळीशिवाय नुसती पुस्तकं ठेवली तर वजन एका जागी पडतं आणि नवा खळगा होतो. दोन दिवस तसंच राहू द्या.

फरक पडला नाही तर मॅट कोमट पाण्यात, हाताला सहज सोसेल इतक्याच, दहा मिनिटं ठेवा. लगेच काढून टिपा आणि त्याच फळीखाली दाबा. पूर्ण थंड होऊन आणखी एक दिवस जाईपर्यंत वजन उचलू नका. पीव्हीसी ज्या आकारात थंड होते तो आकार धरते, म्हणूनच कोमट केलेली मॅट मोकळी सोडली तर ती आणखी वाकडी होते. इस्त्रीने दाबण्याचा मोह टाळा. दोन थरांतला जोड सुटतो आणि तो परत जुळत नाही.

पुढे मॅट आडवी ठेवा, पलंगाखाली किंवा कपाटावर, पण सगळी सपाट टेकलेली हवी. टांगायचीच असेल तर एका भोकात खिळा अडकवण्यापेक्षा वरच्या कडेला दोन-तीन रुंद क्लिपा लावा, म्हणजे भार वाटला जातो. गुंडाळून ठेवू नका.

काठपदर

६ इंचांची रेघ म्हणालात, त्यातच मूळ कारण आहे. कापड रेघेवर लावून सारखं त्याच रेघेवर कापलं की पन्नास चिरा एकमेकींवर पडतात. मॅटच्या रेघा कापड सरळ लावायला आहेत, माप रुलरच्या रेघांनी घ्या. ते मापही जास्त अचूक येतं, कारण मॅटच्या छापील रेघेला जाडी असते आणि ती पाव मिमी इकडे-तिकडे झाली तरी आठ-दहा पट्ट्यांनंतर फरक दिसतो. दर काही दिवसांनी मॅट फिरवा, उभीची आडवी करा, दोन्ही बाजू वापरता येत असतील तर उलटीही करा.

बॅटिंगसाठी एक बाजू कायमची राखून ठेवा, किंवा बॅटिंग सरळ मोठ्या कात्रीने कापा. एवढ्या एका बदलाने बरीच लव कमी होते. फ्लॅनेल कापल्यावर लगेच लिंट रोलर फिरवा, पुढची पट्टी कापेपर्यंत ती लव चिरेत गेलेली असते.

कटर मॅटला काटकोनात धरा. तिरका धरला तर मॅटला पातळ जिभेसारखा पापुद्रा सुटतो, तो मिटत नाही आणि पुढे तुकडा होऊन निघतो. ज्या कापाला जोर लावावा लागतो तिथे ब्लेड बदलायची वेळ झालेली असते. बोथट ब्लेडवर दाब वाढवत गेलं की धारदार ब्लेडपेक्षा मॅटचं नुकसान कितीतरी जास्त होतं. नागमोडी ब्लेडने मॅटवर काप घेऊ नका, ते दोन्हीकडून कुरतडतं. कागद कापायला वेगळं ब्लेड हवं, कागदाने धार फार लवकर जाते.

ब्लेड काढलंच तर कटरच्या आतली लव ब्रशने झाडा, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब ब्लेडच्या मध्यभागी लावून पुसा आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बसवा.

गाठ_निरगाठ

बाद कधी समजायची हा प्रश्न राहिला. दोनदा नीट साफ केली, ब्लेड नवं घातलं, तरी एकेरी पातळ कॉटन त्याच जागी अडत असेल तर तो भाग संपला. नख आडवं फिरवून बघा. नख चिरेत अडकून थांबत असेल किंवा मॅट उजेडासमोर धरल्यावर चिरेतून प्रकाश दिसत असेल तर आणखी साफ करण्यात अर्थ नाही. चिरेची कड नुसतीच उचललेली असेल तर लाकडी ठोकळ्याला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून हलक्या हाताने तेवढी कड सपाट करता येते. छापील रेघ मात्र तिथून जाईल.

पण अख्खी मॅट टाकू नका. मधला भाग गेला तरी कडेचा भाग बहुतेक चांगला असतो. स्टीलची पट्टी घट्ट धरून युटिलिटी नाइफने आठ-दहा हलके काप द्या आणि चांगला तुकडा वेगळा काढा. एका दाबात कापायला जाऊ नका, सुरी घसरते. खाली जुनी फळी ठेवा, कापलेली कड पॉलिश पेपरने घासा. १० बाय १२ इंचांचा तुकडा मशीनशेजारी चौकोन नीट छाटायला ठेवता येतो, आणि त्याहून लहान तुकड्यावर बॅटिंगच्या कडा छाटता येतात, म्हणजे ती लव मोठ्या मॅटवर येणारच नाही.