पणजीत आई-तात्यांना एका टेबलावर जेवायला कुठे नेऊ? (मदत हवी आहे)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही आठ जण पणजीला चाललोय. मनमाडहून गोवा एक्स्प्रेसची तिकिटं काढली आहेत, मांडवीच्या जवळ हॉटेलही ठरलंय. शनिवारी पोचतो, मंगळवारी निघतो. फिरण्याचं आमचं आम्ही बघून घेऊ. अडलंय ते जेवणाचं, म्हणून हा धागा.

आधी घरचं सांगतो, नाहीतर प्रश्न कळायचा नाही. तात्या (७१) मूळचे वेंगुर्ल्याचे. नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरी लागली म्हणून आले ते इथलेच झाले. आई सिन्नरकडची, लग्नाआधीपासून माळकरी. आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. तात्यांनी त्यावरून एका शब्दाने कुरकुर केली नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एकटेच बाहेर जेवून यायचे आणि घरात शिरल्या शिरल्या मोरीत जाऊन साबणाने हात-तोंड धुवायचे. अवेळी साबणाचा वास आला की आम्हा भावंडांना कळायचं, आज तात्यांनी मासे खाल्ले.

आईचं मासे खाणाऱ्याशी वैर नाही. समोर कुणी खाल्लं तरी तिला चालतं. पण तिचं भांडं वेगळं हवं, चमचा वेगळा हवा. चार वर्षांपूर्वी आम्ही समुद्रकाठच्या एका गावात गेलो होतो. तिथल्या एका हॉटेलात (नाव लिहीत नाही) आईसाठी व्हेज पुलाव मागवला आणि तिसऱ्या घासाला त्यात सुकटीचं डोकं निघालं. आई काही बोलली नाही. ताट बाजूला सारलं आणि पाणी प्यायली. तात्यांनीही अर्धं ताट तसंच टाकलं. त्या दिवसापासून बाहेर गेलो की तात्या म्हणतात, "तुम्ही तिकडे बसा, मी इकडे बसतो."

मला हे मोडायचंय. दोघं एका टेबलावर बसावीत, दोघांनी पोटभर खावं, एवढीच इच्छा आहे.

त्यात दाजींनी वेगळंच काढलंय. ते म्हणतात, एका रात्री सगळेच कॅसिनोच्या जहाजावर जाऊ. तिकिटात जेवण असतं, म्हणजे जेवणाचा प्रश्नच मिटला. भाचा १७ वर्षांचा आहे, माझी मुलगी ८ वर्षांची. तात्यांचे गुडघे दुखतात.

तर सांगा:
– मासे आणि शाकाहारी दोन्ही खरोखर चांगलं मिळेल, आणि आईला शंका येणार नाही, अशी जागा पणजीत कोणती? माणशी पाचशे-सहाशेपर्यंत चालेल.
– कॅसिनोवर सगळ्यांनी जेवायला जाणं कितपत बरं?
– आमच्या मुक्कामात एकादशी येतेय. आईच्या फराळाचं काय करू?

तात्यांना तिरफळ घातलेला बांगडा खायचाय. नाशिकला बर्फातले मासे खाऊन कंटाळले आहेत.

---

घाटवाट

कॅसिनोचं आधी सांगतो, कारण गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या मंडळींबरोबर जाऊन आलोय.

भाचा आणि मुलगी, दोघांचा प्रश्न लगेच मिटतो. खेळाच्या जागेत २१ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत. काही जहाजांवर मुलांसाठी वेगळी खोली असते, पण मग कुणीतरी मोठ्याने तिथे बसायचं, म्हणजे एकत्र जेवण राहिलंच. जहाजं नदीत उभी असतात. काठावरच्या धक्क्यावरून लहान होडीत बसायचं आणि हलत्या होडीतून जहाजावर चढायचं. जूनच्या पावसात, दुखरे गुडघे घेऊन, मला नाही पटत.

जेवण बुफे. शाकाहारी पदार्थ होते, पण आम्ही गेलो त्या जहाजावर पनीरच्या भांड्याशेजारी चिकनचं भांडं आणि लोक एकाचा डाव दुसऱ्यात घालत होते. वर स्टेजवर गाणी एवढ्या जोरात की शेजाऱ्याचं ऐकू येत नव्हतं. खेळाच्या मजल्यावर सिगारेटचा धूर. तिकिटाचे पैसे मुख्यतः खेळाचे असतात, जेवण त्यासोबत येतं. शुक्रवार ते रविवार दरही चढे असतात. न खेळणाऱ्या पाच-सहा जणांचे एवढे पैसे भरून काय मिळवणार?

दाजींना आणि ताईंना जेवण झाल्यावर रात्री जाऊ द्या. बाकीच्यांनी काठावरून चक्कर मारा. दिव्यांनी सजलेली जहाजं काठावरून फार सुंदर दिसतात, त्याला तिकीट नाही.

---

मांडवीतीर

मी पणजीचाच. कॅसिनोच्या जेवणाबद्दल मला सांगता येणार नाही, आम्हा गोंयकारांना २०२० पासून तिथे खेळाच्या जागेत प्रवेशच नाही. वरच्या प्रतिसादाशी सहमत.

तुमच्या तारखांबद्दल एक सांगायला हवं. १ जून ते ३१ जुलै आमच्याकडे यांत्रिक मासेमारीला बंदी असते, मासे अंडी घालतात तो काळ. लहान बिनयंत्राच्या होड्यांना मुभा असते, पण खवळलेल्या समुद्रात त्या किती जाणार? पूर्व किनाऱ्यावरची बंदी १४ जूनला संपते, मग तिकडचा मासा बर्फात घालून मडगावच्या घाऊक बाजारात येतो. म्हणजे मासे मिळतील, पण नाशिकला मिळतात तसेच बर्फातले. वडिलांना आधी सांगून ठेवा. किनाऱ्यावरचे शॅकही (झोपडीवजा हॉटेलं) पावसाळ्यात उतरवलेले असतात, ते शोधत बसू नका.

---

गोदाकाठ

बंदीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. तिकिटं आता बदलता येणार नाहीत, दाजींची रजा महिन्याआधी मंजूर झालीय. तात्यांना काय सांगू, कळत नाही. गेले दोन आठवडे ते रोज बांगड्याबद्दल बोलताहेत.

---

शेवंती

अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका. मी माहेरची फोंड्याची, लग्न होऊन नाशिकला इंदिरानगरात येऊन २२ वर्षं झाली. पावसाळ्यात आमच्याकडे कुणी उपाशी राहत नाही.

मे महिन्यात गोव्यात घरोघरी पुरुमेंत भरतात, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), आमसुलं, मिरच्या, चिंच. जूनमधलं खरं जेवण त्यातूनच होतं. तात्या वेंगुर्ल्याचे ना? मग त्यांना हे सांगायचीही गरज नाही, त्यांच्या आईने हेच केलं असणार. त्यांना विचारा, पावसात घरी काय असायचं? उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. ताजा मासा नाही म्हणून ते हिरमुसतील असं मला वाटत नाही.

आता आईंचं. गोव्यात माळकरी माणसाने काय सांभाळायचं ते नीट लिहिते, कारण हे हॉटेलवाले आपणहून सांगत नाहीत. त्यांची लबाडी नसते, त्यांना ते रोजचं असतं.

थाळीत ओल्या खोबऱ्याच्या कोशिंबिरीसारखी एक सुकी गोष्ट येते, वरून कांदा-कोथिंबीर. ते किस्मूर. त्यात सुकी सुंगटं असतात आणि खोबऱ्यात ती दिसतही नाहीत. तुमच्या पुलावात जे झालं ते बहुतेक असंच झालं असेल. पालेभाजी, कोबी, भेंडी यांतही कधी कधी चवीला सुंगटं घालतात. नुसतं "व्हेज आहे ना?" विचारू नका. "शिवराक जाय, सुंगटां नाकात" असं म्हणा. शिवराक म्हणजे पूर्ण शाकाहारी, जाय म्हणजे हवं, नाकात म्हणजे नकोत. हा शब्द ऐकला की वाढणारा दोन पावलं मागे जाऊन आत विचारून येतो, हा माझा अनुभव आहे. कढीचंही विचारा, माशाच्या आमटीतली नको, वेगळी हवी.

आणि एकत्र जेवण सोमवारी ठेवा. सोमवारी आमच्याकडची पुष्कळ हिंदू घरं मासे खात नाहीत, त्यामुळे त्या दिवशी शाकाहारी स्वयंपाक मन लावून होतो. मासे खाणाऱ्यांना मासेही मिळतातच. खतखतं मिळालं तर सोडू नका. पाच-सात भाज्या, तूरडाळ, खोबरं आणि तिरफळ. कांदा नाही, लसूण नाही. तात्यांना माशात हवं असलेलं तिरफळ आईंनाही त्यांच्या ताटात मिळेल. मुगागाठी म्हणजे मोड आलेले मूग, खोबऱ्याच्या वाटणात गूळ घालून. तेही त्यांना आवडेल.

जागा: दादा वैद्य रस्त्यावर महालक्ष्मी मंदिराजवळ कोकणी कँटीन आहे, घरगुती गोव्याचं जेवण. १८ जून रस्त्यावर रिट्झ क्लासिक, मासळीच्या थाळीला लोक रांग लावतात, शाकाहारीही मिळतं. ते पहिल्या मजल्यावर आहे, गुडघ्यांचा विचार करा. कुठेही गेलात तरी आठ जण आहात, सव्वाबाराला पोचा. एक वाजला की पणजीतली सगळी ऑफिसं जेवायला उठतात.

---

अंजनेरी

आईंना पूर्ण निर्धास्त जेवायचं असेल तर एक वेळ हॉटेल फिदाल्गोमधलं भोजन, गुजराती थाळी, फक्त शाकाहारी. नवतारा पण शाकाहारी. सकाळी कॅफे टाटोची पातळ भाजी आणि पाव, सोबत बन्स (केळ्याच्या गोडसर पुऱ्या). आपल्या मिसळीची तिथे आठवण काढू नका, तो प्रकारच वेगळा आणि सौम्य आहे.

---

शेवंती

हो, टाटो राहिलंच माझ्याकडून.

एकादशीला हॉटेलांवर विसंबू नका. राजगिऱ्याचे लाडू आणि भिजवायला साबुदाणा नाशिकहूनच न्या. पणजी मार्केटात रसबाळी केळी मिळतील, फणस असेल. मानकुराद आंबा पाऊस लागला की संपतो, एखाद्या बाईच्या टोपलीत शेवटचे चार दिसले तर घ्या. आणि गोड घेताना: बेबिंकात अंड्याचा बलक असतो, आईंना देऊ नका. दोदोल चालेल, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ, एवढंच.

---

गोदाकाठ

शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद तात्यांना वाचून दाखवला. सुक्या बांगड्याशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि ती ओळ परत वाचायला लावली. मग म्हणाले, "आमची आये चुलीतल्या राखेत ठेवी." आम्हाला हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

दाजींशीही बोललो. ते आणि ताई रविवारी रात्री जेवण करून जहाजावर जातील.

---

गोदाकाठ

काल रात्री परतलो. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना कळवायलाच हवं.

घाटात पाऊस एवढा होता की दूधसागरापाशी डब्यातले सगळे एका बाजूच्या खिडक्यांना चिकटले. शनिवारी फोंतेन्यास या पणजीच्या जुन्या वस्तीतून फिरताना मुलीला बेकरीतला दोदोल घेऊन दिला, तो आईनेच निम्मा संपवला. रविवारी भोजनमध्ये थाळी. एकादशी लाडू, केळी आणि खोलीवर केलेल्या खिचडीवर निघाली. दाजी रात्री दोनला परत आले. त्यांनीच सांगितलं की तात्यांना नेलं नाही ते बरं झालं, होडी फार हलत होती.

सोमवारी सव्वाबाराला कोकणी कँटीन. मी शिवराक म्हटलं, वाढणारा मुलगा खरंच आत विचारून आला. आईचं ताट आधी मागवलं आणि तिचं वाढून झाल्यावरच आमची ताटं टेबलावर आली. तात्यांनी तिथेही उठून दुसऱ्या टेबलाकडे पाहिलं. आईने नुसती शेजारची खुर्ची ओढली. मग ते बसले.

पाच-दहा मिनिटं कुणी बोललं नाही. तात्या काटे काढून ताटाच्या कडेला एका ओळीत लावत होते, खाली मान घालून. त्यांच्यापुढची तळलेली तुकडी संपली तेव्हा आईनेच त्या मुलाला हाक मारली आणि म्हणाली, "ह्यांना अजून एक आण रे."

मी सगळ्यांचे आभार मानतो, मनापासून.

शेवंतीताई, एक विचारायचं राहिलं. आईला मुगागाठी घरी करायच्या आहेत. तिने काल केल्या, मूग कडकच राहिले. गूळ कधी घालायचा?

---

शेवंती

वाचून डोळे भरून आले हो.

गूळ शेवटी. मूग बोटाने दाबून पूर्ण मऊ झालेत की नाही बघायचं, मग वाटण, एक उकळी आली की गूळ. आधी घातला तर मूग कितीही शिजवा, टणकच राहतात. आणि तिरफळं चार-पाच ठेचून घाला म्हणावं, आतलं काळं बी काढून टाकून. मी पुढच्या आठवड्यात माहेरी जातेय, येताना तुमच्याकडे देण्यापुरती घेऊन येते.