रेझ्युमेसाठी समाजसेवा म्हणे!

मिरजेची_सई
परवा इथे एका काकांनी लिहिलं की कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोत आम्ही पोरं अफगाण कुटुंबांसाठी जी धावपळ करतोय ती "रेझ्युमेत एक ओळ वाढवायला आणि इन्स्टावर फोटो टाकायला". दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती पडलं, मग अमेरिकेने ७० हजारांवर माणसं आणून लष्करी तळांवर ठेवली आणि तिथून गावोगाव पाठवली. तेव्हा माणशी एकदाच २२७५ डॉलर दिले, त्यातले १२२५ कुटुंबाच्या खर्चाला, बाकीचे त्यांचं बस्तान बसवणाऱ्या एजन्सीकडे, आणि हे सगळं पहिल्या ९० दिवसांपुरतं. इथलं भाडं माहितेय ना? केसवर्कर एक आणि कुटुंबं ढिगाने, मग शाळेत पोरांची नावं कोण घालणार, लायसन्ससाठी डीएमव्हीला (इथलं आरटीओ) कोण नेणार?

मी जाते त्या घरात चार पोरं. भाईसाब पेशावरला वाढले म्हणून उर्दू बोलतात, भाभींना फक्त दारी, म्हणजे अफगाणी फारसी. माझं मिरजेचं हिंदी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलं. फूड बँकेतून आलेल्या पीनट बटरच्या सात बरण्या खिडकीत ओळीने उभ्या आहेत, कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही, पण मला वेलदोड्याचा हिरवा चहा पाजल्याशिवाय भाभी उठू देत नाहीत. याला रेझ्युमेत काय लिहू, चहा प्यायले?

फ्रेमाँटकर
ते काका मीच. काका म्हटलंस ते बरं केलंस, ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहूनच काका झालो. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, २०१३. मुलगी पुढच्या वर्षी २१ ची होईल, की डिपेंडंट म्हणून बाद. आमच्यासाठी कधी कुठल्या कॉलेजात केक विकून पैसे जमवायचा बेक सेल झाला?

वऱ्हाडी_ठेचा
काका तुमच्या रांगेत अफगाण नाही घुसले हो. ग्रीन कार्डांवर देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा काय तालिबानने घातली? आणि यातले बहुतेक आले ते ग्रीन कार्डावर नाहीच, दोन वर्षांचा पॅरोल, म्हणजे राहायची तात्पुरती परवानगी, मिळाली नुसती. तुम्ही निदान रांगेत आहात, त्यांना रांगच नाही.

फ्रेमाँटकर
वर्क परमिट तर मिळालं ना लगेच! माझी बायको एम.टेक., २०१५ पर्यंत एच-४ वर, म्हणजे माझ्या व्हिशावर आलेली, नोकरीची परवानगी नाही म्हणून घरात बसून होती. पोळ्या लाटत. तेव्हा तुम्ही कुठे होता?

वऱ्हाडी_ठेचा
तेव्हा मी नववीत होतो.

ठाणेकर_टेक्सासवाला
ईबी-३ मध्ये, म्हणजे ग्रीन कार्डच्या खालच्या वर्गाच्या रांगेत, डाऊनग्रेड टाकलं का? मी मागच्या ऑक्टोबरात टाकलं.

फ्रेमाँटकर
वकील नको म्हणाला. तुमचं पुढे सरकलं?

ठाणेकर_टेक्सासवाला
कसलं सरकतंय. फक्त वकिलाचं घर पुढे सरकलं.

मिरजेची_सई
धागा कशाचा आहे, चाललंय काय!!

कोथरूडची_कैरी
काकांचा सूर खवचट असेल पण मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मीही एका कॉलेजच्या ग्रुपबरोबर दोन महिने गेले. ऑक्टोबरात चाळीस पोरं, कपडे एवढे की दार उघडेना, त्यात हाय हील्स आणि एक वेडिंग गाऊन. डिसेंबरात फायनल्स आल्या आणि राहिलो तिघं. एका कुटुंबाकडे एकाच मुलाचा नंबर होता, तो पठ्ठ्या सुट्टीत भारतात, फोन बंद. रात्री धाकटीला ताप चढला तर ९११ लावायचा की सकाळपर्यंत थांबायचं हे त्या आईला सांगायला कोणी नाही. पोर बरी झाली, पण सवय लावून पळून जायचं हे मला पटत नाही. त्यापेक्षा जाऊ नका.

मिरजेची_सई
"जाऊ नका"? मग तिला तेव्हा तरी कोण सांगणार होतं? ... असो. फायनल्सचं खरं आहे. मीपण दोन आठवडे गेले नव्हते. आता दोघीदोघींची जोडी केलीय आणि क्लिनिकचा नंबर, एजन्सीचा रात्रीचा नंबर फ्रिजवर दारीत लिहून लावलाय. खूश?

कोथरूडची_कैरी
खूश नाही, पण बरं केलंत.

पुणेरी_पाटी
सगळ्यांना अमेरिकेतलेच अफगाण दिसतात. माझ्या पुण्याच्या वर्गातला एक सुट्टीला घरी गेला, २०२१ च्या ऑगस्टात भारताने अफगाणांचे जुने व्हिसे एका फटक्यात रद्द केले, तो तिकडेच. अर्धवट डिग्री घेऊन बसलाय. त्याच्यासाठी एकही पोस्ट नाही.

वऱ्हाडी_ठेचा
मग तुम्ही टाका की. अडवलंय कोणी?

मिरजेची_सई
काका, एक सांगते आणि मग भांडा. मागच्या शनिवारी चार पोरांना दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. लहान मुलांच्या, कोणीतरी दिलेल्या दोन कार सीट होत्या, उलटून पाहिल्या तर एक २०१४ मध्येच एक्स्पायर. माझ्या कोरोलात तशीही चार पोरं बसत नाहीत, दोन फेऱ्या मारल्या, एक अपॉइंटमेंट हुकली. फोटो नाही काढला, राहून गेला बघा.

फ्रेमाँटकर
टोमणा कळला. माझं मत बदललेलं नाही, तुमच्यातले निम्मे फोटोवालेच आहेत. धाकट्याची सीट गॅरेजमध्ये पडून आहे, अजून चालेल का बघावं लागेल. तारीख कुठे असते?

मिरजेची_सई
तळाला, प्लॅस्टिकवर कोरलेली. टॉर्च लावून बघा. आणि पट्टे कापलेले नकोत.