छोट्या गाडीला कट, मोठ्या गाडीला वाट

घाटवाट:
माझी जुनी अल्टो आहे, भावाची स्कॉर्पिओ. पुणे-सातारा रस्त्यावर दोन्ही चालवतो. माणूस तोच, वेग साधारण तोच, पण वागणुकीत जमीन-अस्मानाचा फरक. अल्टोत असलो की खंबाटकीच्या चढाला मागचा इतका चिकटतो की आरशात त्याची नंबरप्लेटसुद्धा दिसत नाही, नुसती जाळी दिसते. पुढे ट्रक, डावीकडे ट्रक, मला हलायला जागा नाही हे त्यालाही दिसतं, तरी डिपर मारणं थांबत नाही. फट मिळाली की पुढे जाताना मुद्दाम कट मारून जातो. स्कॉर्पिओत मात्र साइड मागायच्या आधीच मिळते.

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्याही गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. बरं झालं. पण त्या दिव्याचा धाक आता काळ्या काचांच्या पांढऱ्या एसयूव्हीकडे गेलाय. रस्त्यावर हक्क नियमाने ठरायला हवा, तो गाडीच्या किमतीने ठरतोय, आणि मला याचा मनापासून राग येतो.

पाचवा गिअर:
साफ असहमत. ८०० सीसीची गाडी चढाला दम टाकते आणि आपण उजव्या लेनमध्ये असतो, मग मागचा वैतागणारच. स्कॉर्पिओत उंच बसल्याने लांबचं दिसतं, आपण ठाम चालवतो, म्हणून समोरचा वाट देतो. लोक गाडी बघत नाहीत, चालवणाऱ्याची चलबिचल बघतात.

घाटवाट:
मग सिग्नलचं काय? तिथे ना चढ, ना पिकअप. अमेरिकेत डूब आणि ग्रॉस या दोन संशोधकांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॅलिफोर्नियात सिग्नल हिरवा झाल्यावरही गाडी मुद्दाम जागची हलवायची नाही, आणि मागचा हॉर्न कधी वाजवतो ते बघायचं. कधी चकचकीत क्रायस्लर, कधी जुनाट गाडी. १२ सेकंदांच्या आत जुन्या गाडीला ८४ टक्के लोकांनी हॉर्न मारला, महागडीला ५० टक्क्यांनी. दोन्ही गाड्या नुसत्या उभ्या होत्या, चलबिचल कसली?
त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. विद्यार्थ्यांना कागदावर विचारलं, तर त्यातल्या मुलग्यांनी उलटं सांगितलं होतं, महागड्या गाडीला आधी हॉर्न मारू म्हणून. म्हणजे 'मी गाडी बघत नाही' असं कुणी सांगितलं तरी त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

डिझेलप्रेमी:
अमेरिकेचं राहू द्या. मी फॉर्च्युनर चालवतो, आमची बाजूही ऐका. कर्ज काढून, धंद्याच्या कमाईतून घेतलेली गाडी आहे, पण रस्त्यावर प्रत्येकाला मी कुणाचा तरी पोरगा वाटतो. दुचाकीवाला उलट्या बाजूने येऊन बंपरला घासला तरी गर्दी जमते ती माझ्याभोवती. चूक कुणाची हे कुणी विचारत नाही, 'मोठी गाडी आहे ना, द्या पैसे' एवढंच. वाट मिळते हे खरं. पण दार उघडून खाली उतरलो की तो मान संपतो.

पिवळी पाटी:
मी वॅगनआर सीएनजी टॅक्सी चालवतो. माझ्या शेजाऱ्याकडे हीच गाडी, हाच रंग, फक्त पाटी पांढरी. त्याला सोसायटीचा वॉचमन हात दाखवून आत सोडतो, मला वहीत नाव, नंबर, फ्लॅट सगळं लिहायला लावतो. चौकात मी इंडिकेटर दिला की लोक गॅप बुजवतात. टॅक्सीवाला आहे, घुसणारच, हे आधीच ठरलेलं. पाचवा गिअर, गाडी तीच असताना माझ्या चालवण्यात काय कमी पडलं ते सांगा.

पाचवा गिअर:
दादा, वॉचमनचं मान्य, ते चूकच आहे. पण गॅपबद्दल बोलायचं तर टॅक्सीवाले घुसतात हा लोकांचा रोजचा अनुभव आहे. तो राग तुमच्यावर निघतो, गाडीच्या किमतीवर नाही.

पिवळी पाटी:
म्हणजे दुसऱ्याच्या चुकीचा दंड मी भरायचा. हाच तर मुद्दा चाललाय ना?

स्टिअरिंगवाली:
तुम्ही सगळे पुरुष आहात म्हणून सांगते. मी घरची एक्सयूव्ही चालवते. मागून येणारा अदबीने अंतर ठेवतो. बाजूला येतो, काचेतून बाई दिसते, आणि तोच माणूस पुढे जाऊन विनाकारण ब्रेक मारतो. गाडी बदलली नाही, त्याने फक्त आत डोकावून बघितलं. त्यामुळे घाटवाट यांचं अर्धंच पटतं. गाडीवरून लोक अंदाज बांधतात तो आत कोण बसलंय याचा.

डिझेलप्रेमी:
घाटवाट, एवढा त्रास होतो तर सरळ मोठी गाडी घ्या. रस्ते सुधारायची वाट बघत बसणार का?

घाटवाट:
ऐपत असली तरी या कारणासाठी घेणार नाही. मी मोठी घेतली की मागचा डिपर माझ्याऐवजी दुसऱ्या अल्टोला बसणार. आणि खंबाटकीत पोराला पुढे टाकीवर बसवून जाणारा बाइकवाला, त्याने काय घ्यायचं? ताई, तुमचा मुद्दा मी धरला नव्हता. पण मग फिल्म लावलेल्या काचांचा एवढा सोस का, हेही कळतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली तरी काचांवरची फिल्म निघत नाही. आत कोण आहे हे दिसलं नाही की लोक सगळ्यात मोठ्या माणसाचाच अंदाज बांधतात.